जनरेटर गच्चीवर, पंप तळघरात : एका हॉस्पिटलचं प्रकरण

हॉस्पिटलची आणि माणसांची ओळख पटू नये म्हणून गाव, नावं, पदं आणि काही तपशील काढलेत किंवा बदललेत. मी या कामात पावसाची आकडेवारी आणि हवामानाचे अंदाज बघणाऱ्या टीममध्ये होतो, त्यामुळे बराचसा भाग आत बसून बघितलेला आहे.

पार्श्वभूमी

मध्यम आकाराचं हॉस्पिटल, जुनी पण दणकट इमारत, मागच्या अंगाला एक ओढा. ओढ्यात वर्षातला बराच काळ घोटाभर पाणी असतं म्हणून त्याच्याकडे कुणी फारसं बघायचं नाही. इमारत बांधली तेव्हा सपाट जागा, रस्ता जवळ, पाणी-वीज सोपी, एवढं बघून जागा निवडली होती आणि तेव्हाच्या माहितीप्रमाणे ते बरोबरच होतं. मुख्य इलेक्ट्रिक पॅनल, एसीचे चिलर, औषधांचं स्टोअर, जुनं रेकॉर्ड हे सगळं बेसमेंटमध्ये, कारण वरची प्रत्येक खोली पेशंटसाठी लागते, जगभरची हॉस्पिटलं असंच करत आलीत.

काही वर्षांपूर्वी बेसमेंटमध्ये थोडं पाणी शिरलं होतं तेव्हा मॅनेजमेंटने खर्च करून जनरेटर गच्चीवर नेले. सगळ्यांना वाटलं प्रश्न मिटला. जनरेटरच्या शेजारी डिझेलची छोटी टाकी ठेवली, तिच्यावर काही तास निघतात, पण मोठी टाकी खाली जमिनीत होती आणि तिथून वर डिझेल चढवणारा पंप बेसमेंटमध्येच राहिला. आणि जनरेटरची वीज ज्या चेंजओव्हर पॅनलमधून वॉर्डात जाते ते पॅनलही तिथेच.

हे वाचून कुणाला नवल वाटेल म्हणून सांगतो, ऑक्टोबर २०१२ मध्ये सँडी वादळात न्यूयॉर्कच्या बेलव्ह्यू हॉस्पिटलमध्ये हेच झालं होतं. जनरेटर तेराव्या मजल्यावर, पंप तळघरात, पंप बुडाला आणि लोकांनी माणसांची साखळी करून जिन्यावरून डिझेल वर पोचवलं, तरी शेवटी हॉस्पिटल रिकामं करावंच लागलं. त्याच शहरातल्या आणखी एका मोठ्या हॉस्पिटलमधून त्याच रात्री ३०० च्या आसपास पेशंट हलवले. म्हणजे ही चूक माहीत होती, लिहिलेली होती, तिच्यावर रिपोर्ट होते, पण ते वाचून आपल्या बेसमेंटमध्ये उतरून बघणं हे वेगळं काम आहे आणि ते इथे झालं नव्हतं.

त्या रात्री काय झालं

आधीचे कित्येक आठवडे कोरडे आणि कडक उन्हाचे गेले होते. जमीन इतकी घट्ट झाली होती की पाणी मुरायलाच तयार नाही. मग एका संध्याकाळी ढग दाटले आणि रात्री दोन-अडीच तासांत असा पाऊस झाला की ओढ्याच्या वरच्या भागातलं सगळं पाणी एकदम खाली आलं. पुलाखालच्या मोरीत फांद्या आणि कचरा अडकला आणि पाणी रस्त्यावर चढलं.

बेसमेंटच्या रॅम्पवर वाळूची पोती लावायला माणसं धावली, तोपर्यंत पाणी दुसरीकडून आत आलं होतं. फरशीतल्या ड्रेनमधून. बाहेरची गटारलाइन भरल्यावर पाणी उलटं फिरलं आणि बेसमेंटच्या जाळ्यांमधून वर यायला लागलं. मेंटेनन्सचा माणूस सांगत होता, "सर, आम्ही दरवाज्यात उभं राहून पाणी अडवत होतो आणि मागे वळून बघतो तर घोट्यापर्यंत पाणी आमच्या पाठीमागे."

बाहेरची वीज गेली, जनरेटर चालू झाले, वीस-पंचवीस मिनिटं सगळं ठीक होतं आणि मग चेंजओव्हर पॅनल पाण्यात गेलं. गच्चीवर जनरेटर व्यवस्थित चालू आहेत आणि खाली वॉर्डात काळोख, अशी अवस्था. आयसीयूतली मशिनं बॅटरीवर गेली. बॅटरी संपायला लागल्यावर नर्सनी आणि रेसिडेंट डॉक्टरांनी अँबू बॅगने हाताने श्वास द्यायला सुरुवात केली, एकेका पेशंटजवळ दोघं, आळीपाळीने. लिफ्ट बंद, म्हणून गंभीर पेशंट चादरींमध्ये धरून जिन्यावरून उतरवले आणि पहाटेपर्यंत दुसऱ्या हॉस्पिटलांमध्ये पोचवले. त्या रात्री कुणी दगावलं नाही. याचं श्रेय पूर्णपणे त्या नाइट शिफ्टला जातं, इमारतीने त्यांना काहीही मदत केली नव्हती.

यापुढचा भाग लोक विसरतात. पाणी उतरलं, आकाश मोकळं झालं आणि पुन्हा कडक ऊन. चिलर बुडालेले, वीज अर्धवट. जे पेशंट हलवता आले नव्हते ते वरच्या मजल्यावर, गच्चीच्या स्लॅबखाली. पुढचे तीन-चार दिवस वॉर्ड रात्रीसुद्धा थंड होत नव्हता. वयस्कर पेशंट, किडनीचे पेशंट, ज्यांना घाम नीट येत नाही अशी औषधं चालू असलेले पेशंट, यांची तब्येत बिघडत गेली. सिस्टर इन्चार्ज नंतरच्या मीटिंगमध्ये म्हणाल्या की पुराच्या रात्रीपेक्षा ते दिवस जास्त भीतीचे होते, कारण पूर सगळ्यांना दिसत होता आणि उकाडा कुणालाच दिसत नव्हता.

अडचण नेमकी कुठे होती

पहिल्या मीटिंगमध्ये एक वाक्य सतत येत होतं : "हा शंभर वर्षांतून एकदा येणारा पाऊस होता, आता आपल्या हयातीत परत येणार नाही."

हा गैरसमज फार पसरलेला आहे. शंभर वर्षांचा पूर म्हणजे दर वर्षी येण्याची शक्यता एक टक्का, काल आला म्हणून उद्याची शक्यता कमी होत नाही. ३० वर्षांच्या काळात असा पूर एकदा तरी यायची शक्यता साधारण २६ टक्के निघते. आणि वर्षाची शक्यता एकाची दोन टक्के झाली तर तीच ३० वर्षांतली शक्यता ४५ टक्क्यांवर जाते, म्हणजे जवळजवळ नाणं उडवण्यासारखं.

आणि ती एकाची दोन होऊ शकते, हाच खरा मुद्दा. हॉस्पिटलच्या डिझाइनमध्ये जो पावसाचा तक्ता वापरला होता तो कित्येक दशकांपूर्वीच्या नोंदींवरून काढलेला. अशा तक्त्यात एक गृहीत धरलेलं असतं की हवामान स्थिर आहे, म्हणजे गेल्या पन्नास वर्षांत जे झालं तेच पुढच्या पन्नास वर्षांत त्याच प्रमाणात होत राहील. हे गृहीतक आता टिकत नाही हे पाण्यावर काम करणाऱ्या शास्त्रज्ञांनी २००८ मध्येच 'सायन्स' या शोधपत्रिकेत स्पष्ट लिहिलं होतं.

कारण समजायला अवघड नाही. हवा एक अंशाने तापली की तिची वाफ धरायची क्षमता सुमारे ७ टक्क्यांनी वाढते. औद्योगिक काळाच्या आधीच्या तुलनेत पृथ्वी सव्वा अंशाहून जास्त तापलेली आहे, २०२४ हे एक वर्ष तर दीड अंशाच्याही वर गेलं. म्हणजे ढगाला मिळणारा माल वाढलाय. आणि थोड्या वेळात पडणाऱ्या जोरदार पावसात काही ठिकाणी वाढ ७ टक्क्यांपेक्षाही जास्त दिसते, कारण वाफेचं पाणी होताना जी उष्णता सुटते ती ढगाला आणखी वर ढकलते आणि आजूबाजूची ओलसर हवा आत खेचली जाते. तीच गरम हवा, पाऊस नसतो तेव्हा, जमिनीतला ओलावा शोषून घेते. म्हणून आधी कोरड पडणं आणि मग एकदम लोंढा येणं यात विरोधाभास काही नाही, दोन्ही एकाच कारणातून येतात.

आयपीसीसी, म्हणजे हवामान बदलाचा आढावा घेणारी संयुक्त राष्ट्रांची समिती, तिच्या २०२१ च्या रिपोर्टमधले आकडे मी बोर्डासमोर ठेवले होते. माणसाचा हवामानावर परिणाम व्हायच्या आधी जो मोठा पाऊस सरासरी दहा वर्षांतून एकदा व्हायचा, तो आता दहा वर्षांत सरासरी १ अंश वाढीला १.३ वेळा, २ अंशांना १.७ वेळा आणि ४ अंशांना २.७ वेळा येतो, जगभरच्या जमिनीची सरासरी धरून. आणि उष्णतेचं तर फारच पुढे आहे. दहा वर्षांतून एकदा येणारी तीव्र उष्णता १ अंशाला २.८ वेळा, २ अंशांना ५.६ वेळा, ४ अंशांना ९.४ वेळा. हे ऐकल्यावर खोलीत पहिल्यांदा कुणीतरी विचारलं की मग आपण फक्त पाण्याबद्दलच का बोलतोय. तो प्रश्न सिस्टरनी आधीच विचारला होता, फक्त तेव्हा आकडे समोर नव्हते.

"आमच्यावर आलेला पाऊस हवामान बदलामुळेच आला का?" हाही प्रश्न आला. याचं प्रामाणिक उत्तर असं की एकाच घटनेबद्दल हो किंवा नाही असं सांगता येत नाही, पण शक्यता किती वाढली आणि तीव्रता किती वाढली हे काढता येतं. २००३ च्या युरोपातल्या उष्णतेवर २००४ मध्ये असा पहिला मोठा अभ्यास झाला आणि आता ही पद्धत चांगली बसलेली आहे. २०१७ च्या हार्वी वादळात टेक्सासमध्ये जो पाऊस पडला तो तापमानवाढीमुळे साधारण १५ टक्क्यांनी वाढला असा अंदाज निघाला. जून २०२१ मध्ये कॅनडाच्या लिटन गावात ४९.६ अंश नोंदले गेले, आधीचा देशाचा विक्रम ४५ चा होता आणि तो १९३७ चा, म्हणजे विक्रम दशांशाने नाही तर साडेचार अंशांहून जास्त फरकाने मोडला. त्या उष्णतेचा असाच अभ्यास करणाऱ्यांनी म्हटलं की माणसाने केलेल्या तापमानवाढीशिवाय हे जवळजवळ अशक्य होतं. आमच्या ओढ्यापुरता असा अभ्यास कुणी केला नव्हता आणि निर्णयासाठी त्याची गरजही नव्हती. पुढे काय होणार हे विचारायचं होतं, मागच्या रात्रीचा दोष कुणाला द्यायचा हे नाही.

समोर असलेले पर्याय

पहिला पर्याय होता तसंच परत बांधायचं, जास्त ताकदीचे पंप बसवायचे. विम्याचे पैसे यासाठी लगेच मिळत होते कारण पॉलिसीत 'पूर्वस्थितीत आणणे' असंच लिहिलेलं होतं. हा पर्याय किती ओढतो हे त्या खोलीत बसल्याशिवाय कळत नाही, कारण हॉस्पिटल बंद आहे, पेशंट बाहेर पाठवावे लागतायत, पगार चालू आहेत आणि प्रत्येकाला वाटतं की आधी चालू तर करू.

दुसरा पर्याय, ओढ्याच्या बाजूने उंच भिंत. इंजिनिअरला हा आवडला होता, एक भिंत, एक टेंडर, एक उद्घाटन. पण पाणी भिंतीपाशी थांबून नाहीसं होत नाही, ते बाजूला सरकतं, आणि बाजूला काय होतं तर ओढ्याच्या पलीकडची वस्ती. नकाशावर पाणी सोडून बघितलं तेव्हा दिसलं की हॉस्पिटल वाचतं आणि त्या घरांमध्ये पाण्याची पातळी वाढते. त्या वस्तीतले लोक मीटिंगला आले. एक आजी सरळ म्हणाल्या, "आम्हाला बुडवून आम्हाला बरं करणार का तुम्ही?" याला उत्तर नव्हतं. माझ्या मते या सगळ्या प्रकरणातला तो सगळ्यात महत्त्वाचा क्षण होता, आणि तो सल्लागारांच्या रिपोर्टमध्ये कुठेच नव्हता.

तिसरा पर्याय, बेसमेंट बुडणार हे मान्य करायचं आणि बुडाल्यावर ज्याने हॉस्पिटल बंद पडेल असं काहीही तिथे ठेवायचं नाही. पॅनल, पंप, औषधं वर न्यायची, आणि बेसमेंट रिकामं, धुता येईल असं ठेवायचं. याचा त्रास असा की वरच्या खोल्या जातात. ओपीडीच्या दोन खोल्या आणि एक सेमिनार हॉल सोडावा लागणार होता आणि त्यावरून जी भांडणं झाली ती पुरावरून झाली नाहीत.

चौथा, सगळंच उंचावरच्या नव्या जागेवर हलवायचं. दीर्घकाळाचा विचार केला तर हा सुरक्षित, पण खर्च प्रचंड, कित्येक वर्षं लागणार, आणि आत्ताच्या जागेवर चालत किंवा बसने येणारे पेशंट तुटणार. हॉस्पिटल सुरक्षित आणि पेशंट लांब, हाही एक प्रकारचा धोकाच आहे.

निर्णय कुठे अडला आणि कसा सुटला

बरेच आठवडे वाद एकाच गोष्टीवर फिरत राहिला : कुठलं भविष्य धरायचं? बोर्डातले काही जण म्हणत होते जग उत्सर्जन कमी करेल, एवढं घाबरू नका. काही म्हणत होते सगळ्यात वाईट धरून चाला. दोन्ही बाजू एकच आकडा मागत होत्या आणि असा एकच आकडा देणं अप्रामाणिकपणाचं झालं असतं.

मग आम्ही प्रश्नच बदलला. आयपीसीसीची वेगवेगळी भविष्यचित्रं समोर ठेवली. उत्सर्जन लवकर कमी केलं तर शतकाच्या शेवटी वाढ १.८ अंशांच्या आसपास, मधला रस्ता २.७, आणि उत्सर्जन वाढतच गेलं तर ४.४. यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. पण हीच तीन चित्रं शतकाच्या मध्यावर, म्हणजे २०४१ ते २०६० या काळात बघितली तर १.७, २.० आणि २.४ अशी येतात. म्हणजे पुढची वीस-तीस वर्षं तिन्ही वाटा बऱ्यापैकी जवळून जातात आणि मग फाकतात. कार्बन डायऑक्साइड हवेत दीर्घकाळ राहतो आणि समुद्र हळूहळू तापतो, त्यामुळे आज कमी केलेल्या उत्सर्जनाचा फरक दिसायला वेळ लागतो, पण नंतर तो प्रचंड असतो.

यातून निर्णयाची गुरुकिल्ली मिळाली असं मला वाटतं. इलेक्ट्रिक पॅनल, केबल, पंप यांचं आयुष्य पंचवीस-तीस वर्षं. त्यांच्यासाठी कुठलं भविष्य खरं ठरेल यावर भांडायची गरजच नाही, तिन्हींमध्ये पॅनल वरच हवं. उलट इमारत आणि जागा हा साठ-सत्तर वर्षांचा निर्णय, तिथे वाटा फाकलेल्या असतात, म्हणून तो आज घाईने करायचा नाही पण त्याचं दारही बंद करायचं नाही. लंडनमध्ये थेम्स नदीच्या मुखासाठी जो शतकभराचा पूर आराखडा केलाय तो याच विचाराने बांधलेला आहे, समुद्राची पातळी किती वाढते ते मोजत राहायचं आणि ठरलेली खूण ओलांडली की पुढच्या पर्यायाची तयारी सुरू करायची.

बोर्डाला ज्या उदाहरणाने पटलं ते मात्र ह्यूस्टनचं. २००१ मध्ये अ‍ॅलिसन वादळात तिथल्या टेक्सास मेडिकल सेंटरची तळघरं भरली आणि हॉस्पिटलं बंद पडली. त्यानंतर त्यांनी वीजयंत्रणा वर नेली, पाणबुडीला असतात तशी जाड दारं बसवली. २०१७ मध्ये हार्वी आलं तेव्हा त्या परिसरातली बहुतेक हॉस्पिटलं चालू राहिली. बोर्डाच्या अध्यक्षांनी शेवटी एवढंच विचारलं, "म्हणजे सोळा वर्षांत दोनदा?" त्यानंतर पहिला पर्याय परत कुणी काढला नाही.

काय केलं

आधी पॅनल आणि डिझेलचा पंप पहिल्या मजल्यावर गेले. त्याबरोबरच सगळ्या ड्रेनलाइनवर उलटं पाणी अडवणारे वॉल्व्ह बसवले. ही सगळ्यात स्वस्त गोष्ट होती आणि त्या रात्रीचं पहिलं पाणी तिथूनच आलं होतं. रॅम्पला आणि खालच्या दारांना उचलून बसवायचे फ्लडगेट केले. विमा कंपनीशी बराच पत्रव्यवहार होऊन 'पूर्वस्थिती'च्या ऐवजी वर नेण्याचा काही खर्च मान्य झाला, बाकीचा हॉस्पिटलने घातला.

भिंत रद्द झाली. तिच्याऐवजी हॉस्पिटलचं मागचं पार्किंग खोल करून, वर सच्छिद्र फरशी टाकून, पाणी काही तास थांबेल अशी जागा केली, आणि पुलाखालची मोरी रुंद करायला स्थानिक प्रशासनाला वस्तीतल्या लोकांबरोबर मिळून अर्ज दिला. एकट्या हॉस्पिटलच्या अर्जाला जे उत्तर मिळालं नव्हतं ते दोघांच्या अर्जाला मिळालं.

उकाड्यासाठी एक मोठा चिलर घ्यायचा विचार होता, पण वीज गेल्यावर तो ओढायला जनरेटर पुरत नव्हते. म्हणून एक मजला 'थंड मजला' ठरवला, त्याला वेगळा छोटा चिलर, तो इमर्जन्सी लाइनवर, आणि वीज गेली की सगळ्यात नाजूक पेशंट तिथे हलवायचे अशी यादी रोज सकाळी तयार. गच्चीला पांढरा उष्णतारोधक रंग, पश्चिमेच्या खिडक्यांना बाहेरून सावली. सावली आतून पडद्याने नाही तर बाहेरून हवी, कारण काचेतून ऊन आत आलं की उष्णता खोलीतच राहते. २०२१ मध्ये न्यू ऑर्लिन्सला आयडा वादळानंतर आणि २०२४ मध्ये ह्यूस्टनला बेरिलनंतर जी वीज गेली त्या काळात उष्णतेने माणसं गेली, वादळ निघून गेल्यावर. ही उदाहरणं सिस्टरच्या म्हणण्याला पुरावा म्हणून फाइलला लावली.

नव्या जागेबद्दल असं ठरलं की उंचावरची एक जागा राखून ठेवायची, बांधायचं काही नाही. आणि खुणा लिहून ठेवल्या : रॅम्पवर रंगवलेल्या रेषेपर्यंत पाणी दहा वर्षांत दोनदा आलं, किंवा पोचरस्ता बंद पडल्यामुळे ॲम्ब्युलन्स वळवाव्या लागण्याच्या घटना वाढत गेल्या, तर स्थलांतराचा आराखडा सुरू करायचा. दर पाच वर्षांनी पावसाचे नवे तक्ते मागवायचे.

एक गोष्ट भूल देणाऱ्या डॉक्टरांनी स्वतःहून केली. डेसफ्ल्युरेन हा भूल देण्यासाठी वापरला जाणारा वायू कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे अडीच हजार पट तापमान वाढवतो, शंभर वर्षांच्या हिशोबाने. त्यांनी तो थांबवला, पर्याय उपलब्ध आहेत आणि पेशंटला फरक पडत नाही. जगाच्या उत्सर्जनात आरोग्यसेवेचा वाटा ४ ते ५ टक्के धरला जातो. कुठली वाट खरी ठरेल हे फक्त बघत बसायचं नाही, तिच्यात आपलाही हात आहे, असं त्यांनी बोर्डाला सांगितलं आणि ते मला फार पटलं.

पुढे काय झालं

काही वर्षांनी पुन्हा मोठा पाऊस झाला. त्या रात्रीएवढा नाही, पण जुनी व्यवस्था असती तर बेसमेंट नक्की भरलं असतं. फ्लडगेट लागले, एका गेटचं रबर सील वाळून कडक झालं होतं त्यातून पाणी आलं, बेसमेंटमध्ये घोट्याच्या वर पाणी साचलं, पण तिथे आता फक्त रिकाम्या खाटा होत्या. बाहेरची वीज गेली, जनरेटर लागले, वॉर्डात दिवे गेले नाहीत. पलीकडच्या वस्तीत पाणी आलं, पण घरांच्या उंबऱ्याखालीच राहिलं.

अडचण झाली ती रस्त्याची. हॉस्पिटल चालू, आणि तिथे पोचायचा रस्ता पाण्याखाली. सकाळची शिफ्ट येऊ शकली नाही, नाइटच्या लोकांनी सलग दुसरी ड्यूटी केली, ॲम्ब्युलन्स लांबच्या रस्त्याने वळवाव्या लागल्या. म्हणजे लिहून ठेवलेल्या खुणांपैकी एका खुणेची पहिली नोंद झाली.

उन्हाच्या लाटेत थंड मजल्याने चांगलं काम केलं, सगळ्यात वरचा मजलाही आधीपेक्षा बराच निवला. पण यादी रोज सकाळी करायची शिस्त दोन महिन्यांत ढिली पडली होती, ती सिस्टरनी पुन्हा लावली.

वेगळं काय करता आलं असतं

पहिली गोष्ट, चौकशी उलट्या क्रमाने झाली. आधी सल्लागार, मग इंजिनिअर, मग बोर्ड, आणि सगळ्यात शेवटी नाइट शिफ्ट. पाणी ड्रेनमधून आलं हे मेंटेनन्सच्या माणसाला पहिल्या रात्रीच माहीत होतं आणि रिपोर्टमध्ये ते यायला दोन महिने गेले, तोपर्यंत भिंतीचं डिझाइन बरंच पुढे गेलं होतं. वस्तीतल्या लोकांनाही भिंतीचा नकाशा तयार झाल्यावर बोलावलं, नकाशा काढायच्या आधी नाही.

दुसरी, रस्ता. सगळं लक्ष इमारतीच्या भिंतींच्या आत राहिलं. हॉस्पिटल म्हणजे इमारत नाही, येणारी-जाणारी माणसं, ऑक्सिजन, औषधं, डिझेलचा टँकर हे सगळं मिळून हॉस्पिटल चालतं. पोचरस्त्याची पातळी पहिल्याच अभ्यासात मोजायला हवी होती, ते काम दोन दिवसांचं होतं. स्टाफला आधीच आत मुक्कामी ठेवायचा प्लॅन पावसाचा इशारा आला की लागू व्हायला हवा, तो दुसऱ्या पावसानंतर केला.

तिसरी, रबर सील. फ्लडगेट बसवले आणि देखभालीचं बजेट पुढच्या वर्षावर ढकललं. अशी उपकरणं वर्षानुवर्षं नुसती पडून असतात आणि एका रात्री शंभर टक्के चालावी लागतात, म्हणून वर्षातून दोनदा गेट लावून, पाणी सोडून बघण्याची ड्रिल ही खरेदीच्या ऑर्डरमध्येच लिहायला हवी.

चौथ्या मुद्द्यावर टीममध्ये अजून एकमत नाही. काहींच्या मते नव्या जागेसाठी लावलेल्या खुणा फार ढिल्या आहेत, दहा वर्षांत दोनदा पाणी येईपर्यंत थांबायचं आणि मग बांधायला सात-आठ वर्षं लागणार, तोवर तिसरा पूर येऊन जाईल. माझं मत याच बाजूचं आहे. बांधायला जेवढी वर्षं लागतात तेवढी आधी खूण लागली पाहिजे, म्हणून रेषा रॅम्पवर आणखी खाली रंगवावी आणि 'दोनदा'च्या जागी 'एकदा' लिहावं असं मी लेखी दिलंय. पोचरस्ता उंच करायचा की हॉस्पिटलच हलवायचं हा प्रश्नही त्याच फाइलमध्ये आहे आणि तो पुढच्या पाच वर्षांच्या आढाव्यात, नवे तक्ते आल्यावर, बोर्डासमोर येईल.